सायलेन्सरचा आवाज

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलातून ‘फुस्स’ असा आवाज येत नाही. तो ‘फुस्स’ आम्ही करतो. आम्ही म्हणजे पडद्यावरच्या चित्राला आवाज चढवणारी मंडळी.

माझं काम साउंड डिझाइनचं आहे हे कळलं, की समोरचा माणूस दोन इकडच्या-तिकडच्या गोष्टी बोलतो आणि मग हळूच मुद्द्यावर येतो: ‘खऱ्या सायलेन्सरचा आवाज किती येतो हो? की येतच नाही?’ लिफ्टमध्ये विचारतात, प्रवासात विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझा जबडा उघडा असताना विचारलं. तेव्हा उत्तर देणं शक्यच नव्हतं. एरवीही ते दोन वाक्यांत मावत नाही. बंदूक कुठली, काडतूस कुठलं, ऐकणारा कुठे उभा आहे आणि मोजणाऱ्याने कशाने मोजलं, यावर उत्तर फिरतं. तेव्हा एकदा बैजवार लिहून ठेवते.

लोकांना आधी आकडा हवा असतो, म्हणून आकडे आधी. ९ मिलिमीटरचं (हा आकडा गोळीच्या जाडीचा) साधं पिस्तूल झाडलं, तर नळीच्या तोंडापासून मीटरभर अंतरावर आवाजाचा सुळका साधारण १६० डेसिबलपर्यंत जातो. सैन्यात वापरतात त्या ५.५६ मिलिमीटरच्या रायफलीचा १६५च्या आसपास. छोट्या पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची रायफलीचा १४०च्या. चांगला सायलेन्सर यातून २० ते ३५ डेसिबल काढून घेतो. म्हणजे पिस्तूल १२५ ते १३०वर येतं, रायफल १३५च्या मागेपुढे, टू-टू ११५च्या जवळपास. बंदूक आणि काडतूस बदललं की चार-पाच डेसिबल इकडचे तिकडे होतात, पण एकंदर पट्टा हाच.

हे आकडे ऐकून दोन तऱ्हेचे लोक दोन तऱ्हेने फसतात.

पहिले म्हणतात, १६०चे १३० झाले, म्हणजे पाचवा हिस्सासुद्धा कमी झाला नाही, मग हे नळकांडं काय कामाचं? पण डेसिबलचा हिशेब सरळ वजाबाकीचा नाही. दर २० डेसिबलला हवेतला दाब दहापट होतो. १२० डेसिबल म्हणजे २० पास्कल, १४० म्हणजे २०० आणि १६० म्हणजे २०००. तीस डेसिबल उतरले याचा अर्थ दाब बत्तिसाव्या हिश्श्यावर आला आणि ऊर्जा हजाराव्या हिश्श्यावर. हजारातले नऊशे नव्याण्णव भाग गिळणाऱ्या वस्तूला कुचकामी कसं म्हणायचं? गोम अशी, की आपला कान हा हिशेब पुन्हा आपल्या पद्धतीने करतो. दहा डेसिबल उतरले की त्याला आवाज ढोबळमानाने निम्मा वाटतो. तीस उतरले की आठवा हिस्सा. म्हणजे उरलेला असतो हजारावा भाग, आणि ऐकणाऱ्याला आठवा भाग उरल्यासारखा वाटतो. ‘सायलेन्सर भारी चालतो’ म्हणणारा आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणणारा, दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

दुसऱ्या तऱ्हेचे लोक शाळेतल्या तक्त्याकडे धावतात. साध्या गप्पा ६०, रस्ता फोडायचं यंत्र १००च्या वर, जवळून उडणारं जेट विमान १३०-१४०. ‘म्हणजे सायलेन्सर लावलेलं पिस्तूल जेट विमानाइतकं वाजतं?’ तसंही नाही. तक्त्यातले आकडे सलग चालणाऱ्या आवाजाच्या पातळीचे. बाराचा आकडा एका टोकदार क्षणाचा, मिलिसेकंदाच्या अंशभर टिकणारा. कान आवाजाचा मोठेपणा ठरवताना सुमारे २०० मिलिसेकंदांची बेरीज करतो आणि बार तर चार-पाच मिलिसेकंदांत आटपलेला असतो. त्यामुळे १३०चा बार १३०च्या भोंग्यासारखा वाटत नाही.

वाटत नाही, पण लागायचा तो लागतोच. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक इवलासा स्नायू आखडतो आणि आत जाणारा धक्का थोडा अडवतो. त्याला आखडायला दहा-वीस मिलिसेकंद तरी हवेत, तोवर बार आत पोचून गेलेला असतो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून ‘मी आयुष्यभर कान उघडे ठेवून बार काढले, मला काही झालं नाही’ म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. बहुधा त्याला माझं बोलणं नीट ऐकूही गेलेलं नसतं. उजव्या खांद्यावरून रायफल चालवणाऱ्यांचा डावा कान जास्त जातो, हे कानाचे डॉक्टर चांगलं ओळखतात. डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला.

आता मोजण्याची भानगड. बाराचा सुळका इतक्या झटक्यात चढतो, की साधं ध्वनिमापक त्याच्यापुढे झोपलेलं असतं. ते जागं होईपर्यंत खरं टोक निघून जातं आणि मीटर बिनदिक्कत वीस-तीस डेसिबल कमी दाखवतं. या मोजणीसाठी अमेरिकी लष्कराच्या प्रमाणाप्रमाणे सुमारे २० मायक्रोसेकंदांत प्रतिसाद देणारी यंत्रणा लागते, आणि माइक नळीच्या तोंडापासून एक मीटर बाजूला, जमिनीपासून १.६ मीटर उंचीवर. हे न सांगता कोणी नुसता ‘आमचा सायलेन्सर अमुक डेसिबल’ असा आकडा फेकला, तर तो आकडा मी मनावर घेत नाही.

आणि फोनवरचे व्हिडिओ तर विसराच. फोनचा माइक १२०-१३० डेसिबलच्या पुढे सपाट होतो, वर फोन आपणहून मोठे आवाज दाबतो आणि लहान उचलतो. उघडा बार आणि सायलेन्सरचा बार दोन्ही एकाच साच्यातून दाबून निघतात. तुमच्या कानी पडतो तो फोनचा निकाल, बंदुकीचा नव्हे.

आमचं थिएटरही काही धुतल्या तांदळाचं नाही. सिनेमाचा मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचं शेवटचं मिश्रण, ८५ डेसिबलच्या पातळीला बांधलेला असतो आणि पडद्यामागचा एकेक स्पीकर त्यावर २० डेसिबलची उडी घेऊ शकतो. म्हणजे छत झालं १०५. सायलेन्सर लावलेल्या खऱ्या पिस्तुलाचा सुळका या छताच्याही वीसेक डेसिबल वर. तो जसाच्या तसा आम्ही वाजवूच शकत नाही, उघडा बार तर सोडूनच द्या. मग होतं काय, की उघड्या बाराला आम्ही छताशी नेऊन बसवतो, आणि सायलेन्सरचा बार वेगळा कळावा म्हणून त्याला पार तळाशी ढकलतो. तिथे तो संवादापेक्षाही हळू होतो. दाबलेल्या हवेची एक झुळूक, स्टेपलरचा खटका, जाड चामड्यावर मारलेली थाप, एवढ्यावर आमचं भागतं. त्यात खऱ्या बंदुकीचा अंशही नसतो. ‘फुस्स’ निघाला तो थोडासा अज्ञानातून आणि बराचसा जागेच्या टंचाईतून, असं माझं मत आहे. पुढे प्रेक्षकांना तोच खरा वाटायला लागला.

असो. बंदूक मुळात वाजते कशाने, ते बघू.

काडतुसातली दारू पेटली की बंद जागेत वायू तयार होतो. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलात त्याचा दाब वातावरणाच्या दोन हजारपटीहून जास्त चढतो, रायफलीत चार हजारपटीच्या घरात. गोळी पुढे सरकते तसा तो उतरत जातो, तरी ती नळीतून बाहेर पडते तेव्हा मागे बराच दाब आणि उष्णता शिल्लक असते. तो वायू एकदम मोकळ्या हवेत फुटतो आणि कानठळ्या बसवणारा ‘ठो’ होतो. सायलेन्सरचं सगळं काम या ‘ठो’पुरतं. हलवलेल्या सोड्याच्या बाटलीचं झाकण एकदम उडवणं आणि तेच हळूहळू पिळत सोडणं, यात जो फरक तो इथे. नळीच्या पुढे रुंद नळकांडं, आत एकामागे एक पडदे, मधोमध गोळी जाण्यापुरती वाट. वायू कप्प्याकप्प्यात पसरतो, घोटाळतो, थंड होतो आणि दमून बाहेर येतो.

नळकांड्यात आधीपासून साधी हवा असते. पहिल्या बाराला तिच्यातला ऑक्सिजन मिळून न जळलेला वायू आतच भडकतो, त्यामुळे पहिला बार पुढच्या बारांपेक्षा मोठा निघतो. त्याला शूटर मंडळी ‘फर्स्ट राउंड पॉप’ म्हणतात. जाहिरातीतला आकडा पहिल्या बाराचा आहे की पाचव्या, हे कोण विचारतंय?

दुसरा आवाज बंदुकीच्या अंगाचा. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामं काडतूस फेकते, पुढे आदळते. लोखंडावर लोखंड. शिवाय सायलेन्सरने वायू तुंबवून ठेवलेला असल्यामुळे, काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीतून त्याचा काही भाग मागे येतो. तो नेमका झाडणाऱ्याच्या तोंडाशी आणि कानाशी. रायफलीत हे फार जाणवतं. नळीपाशी ठेवलेला माइक खूश असतो आणि दस्त्याला गाल लावून बसलेल्या माणसाच्या कानाला मात्र आकड्यात लिहिलेल्यापेक्षा जास्त ऐकावं लागतं.

आणि तिसरा आवाज गोळीचा स्वतःचा. माझ्या दृष्टीने सगळी मौज इथेच आहे.

२० अंश सेल्सियसला ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो. ५.५६ची गोळी नळी सोडते तेव्हा ९००च्या वर असते. ९ मिलिमीटरची नेहमीची हलकी गोळीही ३५०च्या पुढे असते. ध्वनीला मागे टाकणारी कुठलीही वस्तू मागे आघाताची लाट ओढत नेते. लढाऊ विमानाचा जो धमाका आपण ऐकतो, त्याचं हे बोटाएवढं रूप. हा ‘फटाक्’ नळीच्या तोंडाशी एकदा होऊन संपत नाही, गोळीचा वेग ध्वनीखाली उतरेपर्यंत तिच्या साऱ्या वाटेभर होत राहतो. गोळी सायलेन्सर सोडून गेल्यानंतरचा हा मामला आहे, त्यात सायलेन्सरने करण्यासारखं काहीच नाही.

हे मी वाचलं होतं, पण पडद्यावर पाहिलं तेव्हा खरं पटलं. शिकाऱ्यांना सायलेन्सर कायद्याने मिळतो अशा एका देशात आम्ही रेकॉर्डिंगला गेलो होतो. एक माइक रायफलीपासून ५० मीटर पुढे, गोळीच्या वाटेच्या जरा बाजूला लावून ठेवला होता (माणसं अर्थातच सगळी रायफलीच्या मागे). सेकंदाला १ लाख ९२ हजार नमुने घेणारं यंत्र होतं, म्हणजे दर पाच मायक्रोसेकंदांना एक. उघड्या बाराचा ट्रॅक मोठा करून पाहिला. आधी एक बारीक आकृती: रेघ ताठ वर, मग तिरकी खाली, मग पुन्हा ताठ वर, रुंदी मिलिसेकंदाची जेमतेम पाव. तो गोळीचा फटाका. मग सुमारे ८० मिलिसेकंद काही नाही. आणि मग मागाहून धापा टाकत आलेला, रुंद, खडबडीत ‘ठो’. गोळी आधी पोचली होती, बंदुकीचा आवाज नंतर.

मग तीच रायफल, तसलंच काडतूस, सायलेन्सर लावून. मागचा ‘ठो’ इतका खचला होता की तो शोधायला रेघ उभी ताणावी लागली. पुढची बारीक आकृती मात्र जशीच्या तशी होती. दोन्ही ट्रॅक एकावर एक ठेवले तर कुठला कुठला ते सांगता आलं नसतं. दिग्दर्शकाला ऐकवलं. तो म्हणाला, ‘यात सायलेन्सर कुठंय?’ खोटं नव्हतं त्याचं. त्याच्या सिनेमात शेवटी स्टेपलरच गेला.

पण त्या ट्रॅकमध्ये एक गोष्ट होती, जी डेसिबलच्या आकड्यात कधीच येत नाही. तुम्ही निशाण्याच्या बाजूला आहात असं धरा. बंदुकीचा ‘ठो’ बंदुकीकडून येतो, त्यामुळे मान बरोबर तिकडे वळते. फटाक्याची लाट मात्र गोळीच्या मागे शंकूसारखी पसरत येते आणि वाटेला आडवी निघते. गोळी ९०० मीटरने जात असेल, तर ही लाट तिच्या वाटेशी सुमारे ६८ अंशांचा कोन करून तुमच्याकडे येते. कानाला वाटतं, लाट आली त्या बाजूनेच आवाज आला. त्या दिशेला असतं एखादं झाड नाहीतर नुसतं माळरान. वर वाटेतल्या प्रत्येक खांबावर, भिंतीवर, बुंध्यावर आपटून फटाक्याचे पडसाद उठतात.

जुने सैनिक या दोन आवाजांमधलं अंतर मनात मोजून बंदूक किती लांब आहे ते ठरवतात. ३०० मीटरवरून सरासरी ८०० मीटरच्या वेगाने गोळी आली तर ती पावणेचार दशांश सेकंदांत पोचते आणि ‘ठो’ला पावणेनऊ दशांश लागतात. मधला अर्धा सेकंद म्हणजे ते ३०० मीटर. सायलेन्सरने ‘ठो’ खाल्ला की हा हिशेबच मोडतो. मोठा आवाज येतो, सगळ्यांना ऐकू येतो, पण त्यात बंदुकीचा पत्ता नसतो. सैन्याला रायफलीवर सायलेन्सर हवा असतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे. दुसरं त्याहून साधं: तुकडीतल्या माणसांना एकमेकांचे हुकूम ऐकू येतात.

मग खरोखर हळू वाजणारी बंदूक असते की नाही? असते. त्यासाठी गोळीच ध्वनीपेक्षा हळू जायला हवी. शूटर तिला ‘सबसॉनिक’ म्हणतात. ९ मिलिमीटरमध्ये साडेसात-आठ ग्रॅमऐवजी साडेनऊ ग्रॅमची जड गोळी घेतली की वेग ३००च्या आसपास राहतो. पॉइंट फोर-फाइव्हची १५ ग्रॅमची गोळी मुळातच २५५ मीटरने चालते. रेकॉर्डिंगच्या त्याच दिवशी आम्ही बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) हाताने ओढायच्या टू-टू रायफलीतून सबसॉनिक गोळ्या झाडून घेतल्या. ट्रॅकवरची ती बारीक आकृती गायब. कानाला आला तो एक कोरडा ‘टक्’, म्हणजे आतला खटका पडल्याचा, त्यामागे थोडी फुंकर, आणि मग समोरच्या मातीच्या बंधाऱ्यात गोळी घुसल्याचा ‘थप्’. त्या ‘थप्’चा दचका बाकी सगळ्यापेक्षा जास्त होता. सिनेमातल्या ‘फुस्स’च्या सर्वांत जवळ जाणारं काही मी ऐकलं असेल तर ते हे. आणि हे टू-टूचं, म्हणजे बंदुकांच्या कुळातल्या धाकट्या भावंडाचं.

वेग सोडला त्याची किंमत असतेच. वेग एक तृतीयांश केला की तेवढ्याच वजनाच्या गोळीची ऊर्जा नवव्या हिश्श्यावर येते. ३०० मीटरने निघालेली गोळी १०० मीटर जाईपर्यंत सरळ रेषेच्या अर्धा मीटर खाली आलेली असते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ही किंमत मोजून काही बंदुका केल्या. डी लाइल कार्बाइन ही त्यांतली नावाजलेली: ली-एन्फिल्ड रायफलीचा सांगाडा, पॉइंट फोर-फाइव्ह पिस्तुलाचं मुळातच मंद काडतूस, आणि सबंध नळी झाकणारा दांडगा सायलेन्सर. तिच्याबद्दल सांगतात की दुसरी गोळी भरताना बोल्ट ओढल्याचा आवाजच बारापेक्षा मोठा असे. वेलरॉड हे पिस्तूल गुप्त कामगिऱ्या करणाऱ्या एसओई या संघटनेच्या वेलविन गावाजवळच्या कार्यशाळेत तयार झालं. त्यात गोळी गेल्यावर वायूची वाट बंद करणाऱ्या रबरी चकत्या होत्या. काम चोख, पण दहा-पंधरा बारांत चकत्या झिजत. व्हिएतनाममध्ये अमेरिकी नौदलाच्या सील या खास पथकांकडे मार्क २२ पिस्तूल होतं. त्याची स्लाइड कुलूप लावल्यासारखी अडवता येई, म्हणजे ती खडखडणार नाही. पण मग दुसरी गोळी हाताने भरायची. पहाऱ्याची कुत्री गप्प करायला ते दिलेलं, म्हणून टोपणनाव ‘हश पपी’. जर्मन एमपी५एसडी या छोट्या मशीनगनच्या नळीलाच भोकं आहेत. नेहमीच्या गोळीमागचा वायू तिथूनच गळतो आणि ती ध्वनीखाली राहते. आणि सोव्हिएत रशियाच्या पीएसएस पिस्तुलात तर सायलेन्सरच नाही. काडतुसाच्या आत एक दट्ट्या असतो, तो गोळीला ढकलतो आणि स्वतः तोंडाशी अडकून वायूला आतच कोंडतो. मला विचाराल तर या सगळ्यांत डोकं तिथे सर्वांत जास्त लढवलंय.

यादी पाहिली की कळतं, प्रत्येकाने काहीतरी सोडलंय. कोणी पल्ला, कोणी दुसरी गोळी, कोणी टिकाऊपणा. पल्लाही हवा, दणकाही हवा, सलग बारही हवेत आणि आवाजही नको, अशी बंदूक कोणी केल्याचं मला ठाऊक नाही.

सायलेन्सर मुळात मारेकऱ्यांसाठी निघाला असंही लोकांना वाटतं. त्याचा पेटंटधारक हायरम पर्सी मॅक्सिम. बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम म्हणजे मशीनगनचा जनक, आणि आपल्याच बंदुकांच्या आवाजापायी म्हातारपणी ठार बहिरा झालेला. मुलाने १९०९ साली अमेरिकेत सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि शिकारी व नेमबाज यांना तो विकला. नळीतून आलेल्या वायूला भोवऱ्यासारखं फिरवून दमवायचं, ही त्याची मूळ युक्ती. पुढे त्याच्या कंपनीने इंजिनं आणि यंत्रांचे आवाज दाबायचा धंदा वाढवला. हा गृहस्थ हौशी रेडिओवाल्यांनाही ठाऊक असेल, १९१४ साली अमेरिकेतली त्यांची संघटना स्थापन करणाऱ्यांतला तो एक.

अमेरिकेने १९३४च्या कायद्यात सायलेन्सरला मशीनगनच्या पंगतीत बसवलं आणि २०० डॉलर कर लावला. त्या काळी ती छाती दडपणारी रक्कम होती. हा कर १ जानेवारी २०२६पासून शून्यावर आला, नोंदणी मात्र सुटलेली नाही. नॉर्वेत याच वस्तूकडे कान वाचवायचं साधन म्हणून पाहतात. तिथल्या शिकाऱ्याला सायलेन्सरसाठी वेगळा परवाना लागत नाही. मला नॉर्वेवाल्यांचं पटतं. शिकारी कुत्र्याला कानावर मफ घालून रानात नेता येत नाही.

बंदुकीच्या एका बारासाठी कानाची सुरक्षित मर्यादा १४० डेसिबल धरतात. त्याच्या खाली आलेला सायलेन्सर ‘कानाला सुरक्षित’ म्हणून विकला जातो. रायफलीचा १३५ त्या रेषेच्या जेमतेम खाली बसतो, तोही एका बाराचा. दिवसभरात शंभर बार काढले तर काय, ते डबीवर लिहिलेलं नसतं. आम्ही गेलो होतो त्या रेंजवर सायलेन्सर असो वा नसो, मफ काढायला बंदी होती. टू-टूचा तो ‘टक्’ आम्हाला उघड्या कानांनी ऐकायचा होता, तर रेंज सांभाळणाऱ्याने बाकी सगळ्या बंदुका मोकळ्या करून बाजूला ठेवायला लावल्या आणि मगच मान डोलावली.

उरला रहस्यकथा लिहिणाऱ्या मित्रांचा प्रश्न. ते फोन करून विचारतात, ‘खोलीत सायलेन्सरने गोळी झाडली, शेजारच्या खोलीतल्या काकूंना कळेल का?’ कळेल. नऊ इंची विटांची, प्लास्टर केलेली भिंत पन्नासेक डेसिबल अडवते. १२७ मधून ते वजा केले तरी पंचाहत्तरच्या वरचा सुळका उरतो, आणि दार तर भिंतीच्या निम्मंसुद्धा अडवत नाही. काकू दचकतील. ‘गोळी’ असं म्हणणार नाहीत, ‘कपाट पडलं का काय’ म्हणतील, आणि बघायला येतील. माझ्या मित्रांना नको असतं ते नेमकं हेच.

आणि कृपा करून पात्राच्या हातात सायलेन्सर लावलेलं रिव्हॉल्व्हर देऊ नका. रिव्हॉल्व्हरचं चक्र आणि नळी यांच्यात बारीक फट असते. वायू तिथूनच बाहेर फुटतो, पुढे काहीही लावा. याला प्रसिद्ध अपवाद एकच, रशियाचं १८९५चं नागां. त्यात घोडा चढवला की चक्र पुढे सरकून नळीला भिडतं आणि काडतुसाचं तोंड ती फट बुजवतं. पात्र रशियन असेल तर चालेल. नसेल तर पिस्तूल द्या, सबसॉनिक गोळी द्या, आणि कपाट पडल्याचं कारण आधीच लिहून ठेवा.